समलिंगी आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींशी होणाऱ्या भेदभावावर बंदी आणणाऱ्या कायद्यासाठी खासदारांना निवेदन कसं द्यायचं

आधी आपला खासदार कोण ते पक्कं करा. खानापूरकरांची गफलत इथेच होते. तालुका बेळगाव जिल्ह्यात, पण लोकसभेला खानापूर आणि कित्तूर उत्तर कन्नड मतदारसंघात येतात. निपाणी, अथणी, कागवाड चिक्कोडीत. कायदा देशभरासाठी हवा, तो संसद करते. आमदाराच्या दारात वेळ घालवू नका.

मागणी एकाच वाक्यात मांडा: ‘लैंगिक कल किंवा लिंगओळख यांवरून घर, नोकरी, शिक्षण आणि उपचार नाकारायला बंदी घालणारा कायदा करावा.’ समलिंगी लग्नाचा मुद्दा त्यात घालू नका. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने तो संसदेवर सोडला, पण दोन्ही एकत्र केलं की वाचणारा लग्नापाशीच अडतो आणि भाड्याच्या खोलीचं राहूनच जातं.

खरा जोर दुसऱ्या परिच्छेदावर द्या. 6 सप्टेंबर 2018 पासून समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. तरीही संविधानाच्या कलम 15(1) मधली मनाई सरकारला आहे, खासगी घरमालकाला किंवा कारखानदाराला नाही. 2019 चा कायदा ट्रान्सजेंडर व्यक्तींपुरता. गे, लेस्बियन माणसं त्यात येत नाहीत. म्हणून सरळ विचारा: ‘दोन मुली जोडीदार आहेत एवढ्यावरून मालकाने खोली सोडायला लावली, तर त्यांनी कुठल्या कायद्याखाली दाद मागायची?’ याला जोडून 2017 च्या एचआयव्ही कायद्याचा दाखला द्याच. भाड्याचं घर, नोकरी, उपचार या सगळ्यांत भेदभाव करायला त्यात खासगी माणसालाही मनाई आहे. म्हणजे संसदेने असा कायदा एकदा लिहिलेला आहे. आमच्या मते याहून भक्कम मुद्दा नाही.

सह्यांच्या बाबतीत फार जपा. इथे सगळे एकमेकांना ओळखतात आणि ऑफिसात कागद टेबलावर उघडा पडून राहतो. ‘आम्ही खालील समलिंगी व्यक्ती’ असं कधीही लिहू नका, ‘आम्ही खालील नागरिक’ लिहा. म्हणजे आईवडील, शिक्षक, शेजारी यांनाही सही करता येते आणि कोणाचं गुपित फुटत नाही. एखाद्याची हकिकत घालायची तर नाव, गल्ली, कंपनी गाळा आणि त्याला वाचून दाखवूनच घाला.

अधिवेशनाच्या दीड महिना आधी निवेदन द्या. लोकसभेत प्रश्नाला किमान 15 दिवसांची नोटीस लागते, खासगी विधेयकाला (म्हणजे मंत्री नसलेला खासदार मांडतो त्या विधेयकाला) महिन्याची. खासगी विधेयकाला कोणी हसलं तर सांगा, खासदार तिरुची शिवा यांचं ट्रान्सजेंडर हक्कांचं खासगी विधेयक राज्यसभेने 24 एप्रिल 2015 रोजी मंजूर केलं होतं.

दोन प्रती न्या. दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय उठू नका. मराठी निवेदनाला कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडली की पीएला सबब राहत नाही. एक प्रत दिल्लीला सामाजिक न्याय मंत्रालयाला स्पीड पोस्टने पाठवा. तिथे मराठीही चालते, कलम 350 ने तो हक्क दिला आहे.

महिन्यात उत्तर आलं नाही तर शिक्क्याची प्रत घेऊन पुन्हा जा आणि एवढंच विचारा: येत्या अधिवेशनात साहेब यावर प्रश्न लावणार का?