इंग्लंडमधल्या खेड्याचा इतिहास शोधताय? ईम गावाच्या दफ्तरात होणाऱ्या या चुका टाळा

डर्बीशरच्या डोंगराळ भागात ईम नावाचं गाव आहे. स्पेलिंग बघून नवखा माणूस त्याला 'एयाम' म्हणतो आणि तिथे भेटलेल्या पहिल्याच माणसासमोर फसतो. १६६५ मध्ये लंडनहून आलेल्या कापडाबरोबर इथे प्लेग आला असं सांगतात. पुढच्या वर्षी जूनमध्ये रेक्टर विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्याआधीचे धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली यांच्या शब्दाखातर गावाने स्वतःला कोंडून घेतलं. ही गोष्ट इतकी ऐकलेली असते, की माणूस दफ्तर उघडण्याआधीच निष्कर्ष काढून बसतो. इंग्लिश खेड्याच्या अभ्यासात होणाऱ्या बहुतेक चुका ईममध्ये एकाच जागी सापडतात, म्हणून उदाहरणाला हेच गाव घेतलं.

फेब्रुवारी कुठल्या वर्षाचा?

ही चूक सर्वांत महागात पडते. १७५२च्या आधी इंग्लंडमध्ये कागदोपत्री वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणजे चर्चच्या वहीत 'फेब्रुवारी १६६५' असं लिहिलेलं दफन आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १६६६ चं असतं. ईममधला प्लेगचा पहिला बळी म्हणजे जॉर्ज व्हिकर्स हा शिंपी. तो सप्टेंबर १६६५ मध्ये गेला. आता वहीतल्या तारखा जशाच्या तशा एक्सेलमध्ये भरा आणि क्रमाने लावा. त्या हिवाळ्यात मेलेली माणसं व्हिकर्सच्या कितीतरी आधी जाऊन बसतात. साथ येण्यापूर्वीच गाव मरायला लागतं! माझी पहिली यादी अशीच झाली होती, आणि त्यावर मी दोन दिवस एक भन्नाट सिद्धांत रचत बसलो होतो.

उपाय सोपा आहे. वहीतली तारीख एका रकान्यात न बदलता ठेवा. शेजारच्या रकान्यात १ जानेवारी ते २४ मार्चच्या नोंदींना १६६५/६६ असं जोडवर्ष द्या. शक आणि फसली सन जुळवत आलेल्या मराठी वाचकाला हे जड जाऊ नये. शिवाजी महाराजांच्या जन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखसुद्धा जुन्या ज्युलियन पंचांगातली आहे. आजच्या पंचांगाने तो दिवस १ मार्च येतो, आणि त्या काळच्या एखाद्या इंग्रज कारकुनाने तो नोंदवला असता तर वर्ष १६२९ घातलं असतं.

'गाव' म्हणजे नेमकं काय मोजलं?

'३५० पैकी २६० गेले' हे वाक्य तुम्हाला जागोजागी भेटेल. ते उतरवून घेण्याआधी ३५० हा आकडा कुठून आला ते विचारा. चर्चच्या नोंदी आणि चुलींवरच्या कराच्या याद्या धरून नंतरच्या अभ्यासकांनी लोकसंख्या ७०० च्या आसपास किंवा त्याहून जास्त काढली आहे. तसं असेल तर 'तीनचतुर्थांश गाव संपलं' हे विधान गडगडतं. तरीही तिघांतला एक जण गेला, म्हणजे भीषणता काही कमी होत नाही.

घोळ दोन ठिकाणी होतो. एक म्हणजे ईमचं गाव आणि ईमचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा मुलूख, या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे मौज्याला वाड्या असतात, तशी फुलो ही वस्ती ईमच्या पॅरिशमध्ये मोडायची. चर्चच्या वहीत सगळे एकत्र येतात. जमीनदाराच्या मॅनरची, म्हणजे जहागिरीची, हद्द आणखी निराळी असू शकते. दुसरं असं, की कराची यादी कुटुंबप्रमुख आणि चुली मोजते, माणसं मोजत नाही. दीडशे घरांना ४ ने गुणलं तर ६०० आणि ५ ने गुणलं तर ७५० माणसं होतात. दीडशे माणसांचा फरक तुमच्या गुणाकारातून निघाला, हे लेखात कबूल करून टाका.

बखरीला कागद समजू नका

ईमच्या कथेतले गहिवर आणणारे बरेच तपशील विल्यम वूड यांच्या १८४२ मधल्या पुस्तकातून लोकांपर्यंत पोचले. म्हणजे घटनेनंतर पावणेदोनशे वर्षांनी. तो मजकूर खोटाच असतो असं नाही, पण मॉम्पेसन यांनी १६६६ मध्ये लिहिलेली पत्रं आणि वूड यांचा मजकूर एकाच तराजूत घालता येत नाहीत. प्रत्येक तपशिलापुढे तो सर्वप्रथम कधी लिहिला गेला, ते वर्ष टाका. अर्धी यादी एकोणिसाव्या शतकात घसरताना दिसेल.

दारावर कोरलेल्या सनाचंही तसंच. तो घर बांधल्याचा असेल, डागडुजीचा असेल, किंवा दुसरीकडून आणून बसवलेल्या दगडाचाही असेल.

चुकीच्या दफ्तरखान्यात खेटे

डर्बीशरचा दफ्तरखाना मॅटलॉकला आहे, म्हणून मृत्युपत्रंही तिथेच असतील असं वाटतं. पण १८५८ पर्यंत मृत्युपत्रांचं काम चर्चच्या न्यायालयांकडे होतं आणि डर्बीशर लिचफिल्डच्या बिशपच्या अखत्यारीत होतं. ते कागद आता स्टॅफर्डला ठेवलेले आहेत. गाव आज कुठल्या काउंटीत आहे यापेक्षा त्या काळी कोणाच्या हाताखाली होतं, ते आधी बघावं.

खानेसुमारीबद्दल थोडक्यात: १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांची वयं साधारण खालच्या पाचाच्या पटीत लिहिली, त्यामुळे ३४ ची बाई ३० ची दिसते. जन्माचा पॅरिश १८५१ पासून मिळतो. १९३१ ची खानेसुमारी आगीत जळाली आणि १९४१ ला ती झालीच नाही, त्यामुळे तिथे १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच केलेल्या रहिवाशांच्या नोंदणीची वही वापरा.

माणूस सापडतच नसेल तर

आधी आडनाव पाच-सहा तऱ्हांनी लिहून शोधा. मग शेजारच्या पॅरिशची वही पाहा. तिथेही नसेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवल्या जाणाऱ्या नकला उघडा. मूळ वहीचं पान फाटलेलं असलं तरी नक्कल शाबूत असू शकते, आणि दोन्हींत फरक निघाला तर दोन्ही नोंदवा. यातही नसेल तर तो राजमान्य चर्चपासून फुटलेल्या पंथाचा असू शकेल. ईमच्या स्टॅन्लींनाच १६६२ मध्ये नवी प्रार्थनापद्धती न स्वीकारल्यामुळे पद सोडावं लागलं होतं. अशा कुटुंबांच्या नोंदी चॅपलच्या, म्हणजे त्या पंथांच्या प्रार्थनाघरांच्या, वह्यांत शोधाव्या लागतात, आणि त्या वह्या गावातच असतील असंही नाही.