यूबीसी२४ ची व्हायल आलीये? उघडायच्या आधी हे वाचा

आमच्याकडे पाषाणला लॅबमध्ये नवीन पोरं आली की मी पहिलं हेच सांगते, व्हायल हातात पडली की लगेच झाकण उघडायचं नाही. आतली एन्झाइमची सुकी पावडर इतकी कमी असते की कधीकधी दिसत पण नाही, झाकणाला नाहीतर काचेला चिकटून बसते, म्हणून आधी थंड सेंट्रीफ्यूजमध्ये अर्धा मिनिट फिरवा, मग उघडा.

हा यूबीसी२४ म्हणजेच पीएचओ२, अरॅबिडॉप्सिस या लॅबमधल्या छोट्या रोपाचा ई२ एन्झाइम, म्हणजे युबिक्विटिन नावाचं छोटं प्रोटीन दुसऱ्या प्रोटीन्सना चिकटवायच्या कामातला. फॉस्फेट आत घेणाऱ्या आणि वर चढवणाऱ्या प्रोटीन्सना, म्हणजे पीएचटी१ आणि पीएचओ१ ला, मोडीत काढायला हाच लागतो. जमिनीत फॉस्फेट कमी पडला की मायक्रोआरएनए ३९९ हा छोटा आरएनए वाढतो आणि पीएचओ२ चा मेसेजच (एमआरएनए) कापून टाकतो, मग झाड जोरात फॉस्फेट ओढतं. आणि ज्या झाडात पीएचओ२ बिघडलाय तिथे पानांत फॉस्फेट इतका साचतो की पानांची टोकं करपतात! मला अजून भारी वाटतं हे.

आता विरघळवणं. डेटाशीट बघून निर्जंतुक पाण्यात नाहीतर बफरमध्ये मिलीला ०.१ ते १ मिलिग्रॅम करा, व्हॉर्टेक्स नको, फेस आला की प्रोटीन खराब होतं, हळूहळू पिपेटने फिरवा. मग ५० टक्के ग्लिसरॉल घालून छोटे छोटे अलिक्वॉट (वेगवेगळ्या ट्यूबमध्ये थोडे थोडे भाग) करा आणि मायनस ८० ला ठेवा, आठवड्यात वापरायचा तेवढाच एक ४ डिग्रीला. परत परत गोठवून वितळवायचं नाही म्हणजे नाही. आपल्याकडे गुरुवारी लाईट जायची भीती असतेच, त्यामुळे बुधवारीच बॅकअप चालू आहे ना ते बघून ठेवा.

खरी गंमत टेस्टमध्ये. ई१ (ई२ च्या आधी युबिक्विटिन पकडणारा एन्झाइम), युबिक्विटिन, मॅग्नेशियम, एटीपी आणि आपला ई२ एकत्र करून ३० डिग्रीला १० मिनिटं ठेवलं की युबिक्विटिन ई२ मधल्या सिस्टीन या अमिनो ॲसिडला थायोएस्टर बाँडने चिकटतं. हा बाँड डीटीटी या रिड्यूसिंग केमिकलने तुटतो. मी सुरुवातीला सवयीने जेलवर घालायच्या आधीचा नेहमीचाच, डीटीटीवाला लोडिंग डाय घातला आणि उकळलं, वरचा बँड (युबिक्विटिन चिकटलेला ई२) काही दिसेना, दोन आठवडे एन्झाइम मेलाय समजून रडकुंडीला आले होते. म्हणून डायमध्ये डीटीटी नको, मर्कॅप्टोइथेनॉल नको, उकळायचं पण नाही.

अजून एक, हा ई२ खूप मोठा आहे, पूर्ण लांबीचा असेल तर साधारण १०० केडीए, आणि युबिक्विटिन फक्त ८.५, त्यामुळे १२ टक्के जेलवर नुसता ई२ आणि युबिक्विटिनवाला ई२ हे दोन्ही बँड एकमेकांत जातात. ६ टक्के जेल घ्या आणि निवांत लांबपर्यंत चालवा, नाहीतर सरळ युबिक्विटिनच्या अँटीबॉडीने ब्लॉट करा. एक लेन एटीपीशिवाय ठेवा, आणि एका लेनमध्ये तेच सॅम्पल मुद्दाम डीटीटी घालून. डीटीटीच्या लेनमधला वरचा बँड गायब झाला आणि एटीपी असलेल्या पण डीटीटी नसलेल्या लेनमध्ये राहिला की समजा एन्झाइम जिवंत आहे.