ढगळ जाकीट घरी बेताचे करण्यापूर्वीची तयारी

कोट थोडा सैल असला तरी चालून जातो, पण त्याच्या आतले जाकीट ढगळ असले की पोटावर कापडाची वळी पडते, पाठीवर साटीनचा झोळ लोंबतो आणि कोटाचे बटण लावताच ती सगळी गर्दी पुढे फुगून दिसते. वडिलांच्या सुटातले चांगल्या कापडाचे जाकीट मुलाच्या अंगाला आणायचे असो किंवा लग्नासाठी घेतलेल्या तयार सुटात छातीला जमलेले जाकीट कंबरेत मोठे निघालेले असो, साधी टीप सरळ मारता येणाऱ्या माणसाने हे काम घरी करायला हरकत नाही. मात्र त्यातले अर्ध्याहून अधिक काम शिलाई मशीनवर बसण्यापूर्वीचे आहे. पुढची यादी पुढून टेरीवूलचे किंवा लोकरीचे, पाठीमागून साटीनचे आणि आतून पूर्ण अस्तर लावलेले, म्हणजे तीन भागांच्या सुटात नेहमी मिळते तसे जाकीट समोर ठेवून केली आहे. बंद गळ्याच्या जाकिटाचा विचार शेवटाकडे स्वतंत्रपणे येईल.

सर्वांत आधी खांदा पाहावा, कारण पुढचे काही करायचे की नाही याचा निर्णय तिथेच होतो. ज्या शर्टावर जाकीट घालायचे आहे तोच शर्ट अंगात घालून, जाकिटाची बटणे लावून, आरशासमोर हात सैल सोडून सरळ उभे राहावे. जाकिटाच्या खांद्याची बाहेरची कड खांद्याच्या हाडाच्या आत राहिली पाहिजे. ती हाडावरून खाली उतरत असेल किंवा मुंढा, म्हणजे हात बाहेर येतो तिथली गोल कड, इतका खोल असेल की काखेखाली शर्टाचा मोठा भाग उघडा दिसतो, तर ते जाकीट बाजूंनी कितीही आत घेतले तरी अंगाला बसणार नाही. खांदा आखूड करणे म्हणजे मुंढा नव्याने कापणे, आणि अस्तर लावलेल्या कपड्यात ते जाणत्या शिंप्याचे काम आहे. उंचीचेही तसेच आहे. पुढची खालची टोके, त्यांच्या आतली पट्टी आणि शेवटच्या काजाची जागा एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे जाकीट खालून कापून छोटे करण्याच्या फंदात घरी पडू नये. खांदा आणि उंची जमली असून फक्त घेर जास्त असेल, तरच पुढे जावे.

घेराची मर्यादाही आधीच मनाशी ठरवून ठेवावी. एकूण तीन इंचांपर्यंतचा घेर घरी सुखाने कमी होतो, चार इंच ही माझ्या मते शेवटची हद्द, आणि त्यापलीकडे गेले की खिसे पाठीकडे सरकू लागतात, मुंढ्याचा आकार बिघडतो आणि पुढच्या भागापुढे पाठीचा भाग अगदीच चिंचोळा दिसू लागतो.

यानंतर कापडाची स्वच्छता. घामाचा किंवा कपाटातल्या धुळीचा अंश असलेल्या कापडावर इस्त्री फिरवली की डाग पक्का होतो, म्हणून जुने जाकीट काम सुरू करण्यापूर्वी ड्रायक्लीन करून आणावे आणि त्यासाठी लागणारे दिवस हिशेबात धरावेत. घरी पाण्यात बुडवू नये. पुढच्या भागाला आतून ताठपणासाठी चिकटवलेले कॅनव्हास किंवा पेस्टिंगचे कापड भिजले की ठिकठिकाणी सुटते आणि कापडावर फोडांसारखे फुगवटे येतात, जे कोणत्याही इस्त्रीने बसत नाहीत. जाकीट ज्या समारंभासाठी हवे आहे त्याच्या आदल्या रात्री हे काम काढणाऱ्यांना काही सांगण्यात अर्थ नाही. इतरांनी निदान आठवडाभराची सवड ठेवावी.

मापे दोन घ्यायची आहेत, अंगाचे आणि जाकिटाचे, आणि दोन्ही एकाच टेपने घ्यावीत, कारण वर्षानुवर्षे वापरलेला टेप ताणून वाढलेला असतो. शर्ट अंगावर असताना काखेखालून छातीचा सर्वांत भरलेला घेर आणि शेवटून दुसरे बटण येते त्या पातळीवर पोटाचा घेर घ्यावा. पोट आत ओढू नये आणि मापे जेवणानंतर घ्यावीत, कारण पंगतीत बसल्यावर जाकिटाला त्याच पोटाला सामावून घ्यायचे आहे. मग जाकिटाची बटणे लावून, पाठीवरच्या पट्टीचे बकल पूर्ण सैल करून ते टेबलावर सपाट पसरावे, त्याच दोन पातळ्यांवर या कडेपासून त्या कडेपर्यंत मोजावे आणि आलेल्या मापाची दुप्पट करावी. अंगाच्या मापात श्वासासाठी आणि उठण्याबसण्यासाठी दोन ते तीन इंच मिळवले की जाकिटाचे इष्ट माप मिळते. उदाहरणार्थ, पोटाचा घेर 36 इंच आणि त्याच जागी जाकिटाचा घेर 42 इंच असेल, तर अडीच इंच सैलपणा धरून 38.5 इंच हवे, म्हणजे साडेतीन इंच कमी करायचे आहेत. छातीचा हिशेब वेगळा करावा. बहुतेक वेळा छातीवर एक-दीड इंचच जादा निघतो आणि पोटावर तीनच्या आसपास, त्यामुळे नवी टीप वरून खाली एकाच अंतराने न जाता तिरपी जाते, आणि हे आकडे कागदावर नसतील तर तो तिरपेपणा मनात राहत नाही.

हा कागद जपून ठेवावा आणि त्यावर आणखी एक हिशेब लिहावा. शिवण पाव इंच आत घेतली की दोन्ही थरांतून पाव-पाव इंच जातो, म्हणजे त्या एका शिवणीत घेर अर्ध्या इंचाने कमी होतो; दोन्ही बाजूंच्या शिवणी पाव इंच घेतल्या तर एकूण एक इंच. घरच्या शिलाईत सर्वांत जास्त जाकिटे याच एका गफलतीने तंग होतात.

वरच्या उदाहरणातले साडेतीन इंच आता वाटून द्यायचे आहेत, आणि इथे माझा कल स्पष्ट आहे: शक्य तेवढे पाठीच्या मधल्या शिवणीतून काढावे आणि उरलेले बाजूंमधून. पाठ कोटाखाली झाकलेली राहते, तिथले साटीन पातळ असते आणि त्या शिवणीचा खिशांशी संबंध येत नाही. मधली शिवण पाऊण इंच आत घेतली की दीड इंच जातो. उरलेले दोन इंच बाजूंच्या दोन शिवणींतून, प्रत्येकी अर्धा इंच आत घेऊन, निघतात. मात्र मधली शिवण मानेपर्यंत तेवढीच आत घेतली तर गळा आवळतो, म्हणून ती मानेपाशी शून्यावरून सुरू करून पाठीच्या पात्यांच्या खाली येईतो हळूहळू पाऊण इंचावर आणावी, असे खुणा करतानाच ठरवावे. बाजूला किती घ्यायचे याची हद्द खिसा सांगतो. खिशाच्या पट्टीचे मागचे टोक आणि नवी शिवण यांत निदान एक इंच राहिला पाहिजे, आणि खिशाची आतली पिशवी शिवणीत सापडणार नाही ना, हे बोट घालून चाचपून पाहावे. पाठीवरच्या पट्टीची टोकेही तपासावीत. ती टक्समध्ये, म्हणजे पाठीला आकार देण्यासाठी शिवलेल्या उभ्या चिमटीत, अडकवलेली असतील तर त्यांना हात लावावा लागत नाही; बाजूच्या शिवणीत अडकवलेली असतील तर ती सोडवून नव्या शिवणीत पुन्हा घालावी लागतील, म्हणून उसवण्याआधी दोन्हीकडे त्यांची उंची मोजून कागदावर लिहावी.

खुणांसाठी दुसरा माणूस हवा. स्वतःच्या पाठीवर स्वतः टाचण्या लावता येत नाहीत आणि मान वळवून पाहिले की पाठीचे कापड हलते. अंगावर मोजताना साध्या टाचण्यांऐवजी सेफ्टी पिन वापराव्यात, त्या शिवणीला समांतर लावाव्यात आणि कापड दोन्ही बाजूंना सारखेच चिमटीत धरावे. जाकीट उलटे घालून खुणा करण्याची युक्ती इथे टाळावी, कारण अनेकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली असतो आणि कपडा उलटा घातला की डावीकडची खूण उजव्या अंगाला जाते. पिना लावून झाल्यावर खुर्चीवर बसावे, दोन्ही हात पुढे करावेत, दीर्घ श्वास घ्यावा. बटणांपाशी आडव्या चुण्या ताणल्या तर खूण पाव इंचाने सैल करावी. सुटाच्या जाकिटाचे शेवटचे बटण उघडे ठेवण्याची रीत आहे, तिचे श्रेय इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याच्या पोटाला दिले जाते, आणि ते खरे असो वा नसो, कपडा त्या हिशेबाने कापलेला असतो. त्यामुळे ते बटण लावून बसणी तपासू नये. खुणांसाठी लोकरीवर शिंप्याचा खडू चालतो. साटीनवर खडू नीट उठत नाही आणि दाबून ओढला तर जात नाही, म्हणून तिथे विरोधी रंगाच्या दोऱ्याचे सैल कच्चे टाके घालावेत.

आता जाकीट आतून कसे जोडले आहे ते ओळखायचे आहे, आणि या यादीत सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा असे मला वाटते, कारण कुठे उसवायचे ते यावरून ठरते. बाजूच्या शिवणीपाशी बाहेरचे कापड आणि अस्तर वेगवेगळ्या चिमटीत धरून एकमेकांपासून दूर ओढून पाहावे. ते शिवणीवरही वेगळे होत असतील, तर बाहेरची शिवण आणि अस्तराची शिवण स्वतंत्र आहेत. दोन्ही सारख्याच मापाने आत घ्याव्या लागतील आणि मुंढ्यापाशी व खालच्या कडेपाशी त्या एकमेकींना कशा मिळतात ते पाहावे लागेल. बाजूची शिवण मुंढ्याची कड ओलांडून सरळ अस्तरात उतरत असेल तर मुंढा उसवण्याची गरज नाही, नवी टीपही तशीच ओलांडून नेता येते. ती कडेपाशी थांबत असेल तर मुंढ्याची आणि खालची शिवण तिथे दोन्ही अंगांना सुमारे दोन इंच उसवावी लागते. याउलट शिवणीपाशी सगळे थर एकजीव आणि जाड लागत असतील, तर पुढचा तयार भाग पाठीच्या साटीन आणि तिच्या अस्तराच्या मध्ये घालून एकाच टिपेत शिवलेला आहे. हे काम करायला सोपे जाते: पाठ खालून उघडून उलटी केली की बाजूच्या दोन्ही शिवणी एका जागी हाती येतात. दोन्ही प्रकारांत शिवताना कपडा उलटवण्यासाठी ठेवलेली आणि नंतर हाताने बंद केलेली फट कुठेतरी असतेच, बहुधा पाठीच्या खालच्या कडेला किंवा अस्तराच्या बाजूच्या शिवणीत. तिथले टाके मशीनच्या टिपेपेक्षा वेगळे, थोडे विरळ किंवा तिरके दिसतात. उसवायला सुरुवात तिथूनच करावी आणि मूठ आत जाईल इतके, म्हणजे पाच-सहा इंच उघडावे. उघडण्यापूर्वी आतून-बाहेरून मोबाइलवर चार छायाचित्रे घ्यावीत.

साधनांची जमवाजमव त्या मानाने थोडक्यात आटोपते. टाके उसवण्यासाठी सीम रिपर, म्हणजे टाके कापण्याचे छोटे दुटोकी हत्यार, आणावा, तो कोणत्याही शिलाई साहित्याच्या दुकानात मिळतो. दाढीच्या ब्लेडने साटीन केव्हा चिरते ते कळतही नाही. मशीनला टेरीवूलसाठी 14 नंबरची आणि निव्वळ साटीनच्या मधल्या शिवणीसाठी 11 नंबरची नवी सुई लावावी. दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा, आणि हुबेहूब रंग मिळाला नाही तर एक छटा गडद. याशिवाय धारदार छोटी कात्री, हातशिलाईची बारीक सुई, कच्च्या टाक्यांसाठी सुती दोरा, इस्त्रीखाली धरायला सुती ओलसर फडके आणि मुंढ्याची गोलाई इस्त्री करताना आत धरायला घट्ट गुंडाळलेला टॉवेल हाताशी असावा. काळ्या किंवा गडद निळ्या कापडावरचे त्याच रंगाचे टाके दिव्याच्या उजेडात दिसत नाहीत, म्हणून उसवण्याचे काम दिवसा खिडकीपाशी करायचे ठरवावे.

कुर्त्यावर घालण्याच्या बंद गळ्याच्या जाकिटाला ही तयारी थोड्या फरकाने लागू पडते. त्याची पाठ बहुधा पुढच्याच कापडाची आणि पुष्कळदा मध्ये शिवण नसलेली असते, शिवाय उभ्या पट्टीचा गळा मागून सलग फिरतो, त्यामुळे पाठीतून कमी करण्याची वाट बंद होते आणि सगळा भार बाजूंच्या शिवणींवर येतो. म्हणून तिथे दोन इंचांवर थांबावे. कापडही वेगळे वागते. मटका सिल्कचे धागे उसवताच सुटू लागतात, तेव्हा उघड्या कडांना लगेच इंटरलॉक करण्याची, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून कडेवरून शिवून घेण्याची, सोय पाहून ठेवावी. मखमलीवर समोरून इस्त्री ठेवली की लव कायमची बसते आणि ब्रोकेडवर पिनांची भोके राहतात, म्हणून त्यांच्या खुणा शिवणीच्या मायेतच, म्हणजे शिवणीपलीकडे आत राहणाऱ्या जादा कापडातच, कराव्यात.

शेवटची तयारी तात्पुरत्या शिलाईची. मशीनचा टाका पाच मिलिमीटरपर्यंत लांब करून, जुनी टीप न उसवता, तिच्या आतल्या अंगाने नवी टीप आधी कच्ची मारून घ्यावी आणि जाकीट शर्ट व कोटासह पुन्हा घालून पाहावे. दोन्ही बाजूंचे मुंढे सारख्या उंचीवर येतात का, पाठीची खालची कड मध्येच वर उचलली जात नाही ना आणि बकल ओढल्याशिवाय पाठ सपाट बसते का, एवढे पाहिले की पुरे. समाधान झाल्यावर टाका अडीच मिलिमीटरवर आणून पक्की टीप मारावी, त्यानंतरच जुनी आणि कच्ची टीप उसवावी आणि शिवण इस्त्रीने मोकळी दाबून घ्यावी. आत उरलेली माया जाड लागली तरी कापू नये. पुढच्या दिवाळीत अंग भरले तर तीच उपयोगाला येते. साटीनवर जुन्या टिपेची भोके दिसतात खरी, पण घेर कमी करताना ती आत जातात. मुद्दाम ठेवलेली फट हाताने बंद करण्यापूर्वी सुटलेले दोरे, एखादी राहिलेली पिन आणि खडूचा तुकडा आत नाही ना, हे एकदा हात फिरवून पाहावे.