आवडता सिनेमा पुन्हा बघताना: आवाज बंद, वही उघडी

सुट्टीत घरचे सगळे मिळून दरवर्षी तोच आवडता सिनेमा बघतात, आणि ज्याला पुढे सिनेमा करायचा आहे तोही गोष्टीतच वाहून जातो. शॉट, म्हणजे कॅमेरा न थांबवता घेतलेला एकेक तुकडा, कसा घेतलाय ते बघायचं राहूनच जातं.

त्यासाठी आधी सगळ्यांसोबत मजेत बघून घ्या. मध्येच थांबवू नका, बाकीच्यांचा विरस होतो. दुसऱ्या दिवशी त्यातला दोन मिनिटांचा एकच प्रसंग आवाज बंद करून लावा. चित्र बदललं की वहीत एक रेघ. रेघा मोजून त्यात एक मिळवला की शॉट किती ते कळतं. मग थांबवत थांबवत प्रत्येक शॉटचं साधं रेखाचित्र काढा: चेहरा जवळून की लांबून, कॅमेरा डोळ्यांच्या वर की खाली, कोण कोणाकडे बघतंय. शेवटी डोळे मिटून नुसता आवाज ऐका. पुढच्या दृश्याचा आवाज कधी कधी दृश्याच्या आधीच सुरू होतो; मला सगळ्यात जास्त यानेच शिकवलं.

आता तेवढ्याच शॉटमध्ये मोबाइलवर आपला प्रसंग चित्रित करा. मोबाइल आडवा धरा. सेटिंगमध्ये सेकंदाला २४ फ्रेमचा (म्हणजे २४ स्थिर चित्रांचा) पर्याय असेल तर तो निवडा.

मूळ सिनेमातलं संगीत लावून तो ऑनलाइन मात्र टाकू नका. कॉपीराइटमुळे व्हिडिओ काढला जाऊ शकतो.