दाराच्या अलीकडची मांजर

फॉस्टर मांजर, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला आणलेली मांजर, घरी येणार असं ठरलं की सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे जातं. कुठे ठेवायची, काय खाईल, किती घाबरलेली असेल. मी आधी ठमीचा विचार करते. ठमी आमची घरची मांजर, वय वर्षं ९. हे घर तिचं आहे, आणि पाहुणी आणायची की नाही हे तिला कुणीच विचारलेलं नसतं. गेल्या ६ वर्षांत आमच्याकडे १४ मांजरी फॉस्टर म्हणून राहून गेल्या. त्यातल्या ९ जणींशी ठमीची समोरासमोर भेट झाली, ५ जणींशी झालीच नाही. आधी त्या पाच जणींबद्दल सांगते, कारण हा मुद्दा हमखास राहून जातो.

भेट घडवायलाच हवी असं नाही. नीट ओळख व्हायला दोन-चार आठवडे सहज लागतात, कधी काही महिनेही. फॉस्टर मांजर पंधरा-वीस दिवसांत नव्या घरी जाणार असेल तर या खटाटोपात दोघींच्या जिवाला घोर लागतो आणि हाती काही येत नाही. तिला स्वतंत्र खोलीत ठेवा, तिथे तिच्याबरोबर भरपूर वेळ घालवा, दार बंद राहू द्या. पिल्लं अंगावर पिणारी आई असेल तर भेट नकोच, ती पिल्लांसाठी कुणाच्याही अंगावर जाईल. नसबंदी न झालेला बोका आणि ऑपरेशन न झालेली मांजर यांच्यातही दार बंदच. आणि बोक्याचं ऑपरेशन आज झालं म्हणजे उद्यापासून सगळं सुरक्षित, असं नसतं. त्यानंतरही काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो.

आजाराचा भाग थोडक्यात, पण तो गाळू नका. नवी मांजर आली की पहिले १४ दिवस पूर्ण वेगळी. आणल्यावर लगेच डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या: पिसवा, कानातले किडे, जंत, अंगावरचे गोल चट्टे (ही बुरशी माणसांनाही होते), आणि रक्ताची एफआयव्ही व ल्युकेमिया (मांजरींची प्रतिकारशक्ती पोखरणारे दोन विषाणू) यांची चाचणी. लागण अगदी ताजी असेल तर पहिली चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून ती पुन्हा कधी करायची हेही तेव्हाच विचारून ठेवा. घरच्या मांजरीचं लसीकरण पूर्ण आहे ना, हे पाहुणी यायच्या आधी बघा. पॅनल्युकोपेनिया हा मांजरींचा जीवघेणा, पसरणारा आजार, आणि त्याचा विषाणू फार चिवट असतो. तो कपडे, चपला, भांडी यांवरून या खोलीतून त्या खोलीत जातो आणि महिनोन्‌महिने टिकतो. त्या खोलीसाठी मी एक जुना अंगरखा आणि वेगळ्या चपला दाराशीच ठेवते, बाहेर आले की साबणाने हात धुते. फरशीला एक भाग घरगुती ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग साध्या पाण्याने पुसून कोरडं करायचं. तेवढा वेळ मांजर खोलीत नको. फिनाईल वापरू नका, मांजरींना ते विषारी असतं.

पहिल्या वेळी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. कॅरिअर (मांजर न्यायची पेटी) हॉलच्या मधोमध ठेवला आणि दार उघडलं, म्हटलं बघतील एकमेकींना. नवी मांजर बाहेर आली, तिला भिंतीकडे जायला जागा नव्हती. ठमी सोफ्याखालून बाणासारखी आली. चार सेकंदांत सगळं झालं. नवी मांजर कपाटामागे, ठमीची शेपूट बाटली धुण्याच्या ब्रशसारखी फुगलेली, आणि मी तिला उचलायला गेले तर तिने माझ्या मनगटात दात रोवले. तिचा राग माझ्यावर नव्हता. पेटलेल्या मांजरीला जे समोर येतं त्यावर ती तुटून पडते. त्यानंतर तीन आठवडे ठमी हॉलच्या त्या कोपऱ्याकडे फिरकली नाही. मांजरीच्या मनात पहिली भेट घट्ट बसते, ती पुसायला नव्याने ओळख करून देण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून पुढचं सगळं दाराशी बसून करायचं काम आहे.

खोली तयार करताना एवढं बघा: लिटर बॉक्स (शी-शूसाठीचा ट्रे) एका टोकाला, खाणं-पाणी दुसऱ्या टोकाला; लपायला दोन बाजूंनी भोकं असलेला पुठ्ठ्याचा खोका, म्हणजे आत कोंडल्यासारखं होत नाही; आणि बसायला एखादी उंच जागा. कॅरिअर उघडाच राहू द्या, त्यात तिच्या ओळखीचा वास असतो. दाराखालच्या फटीत टॉवेलची गुंडाळी घाला. पहिल्या दिवशी घरच्या मांजरीला दाराशी नेऊन काही दाखवायला जाऊ नका. तिची जेवणाची वेळ, खेळण्याची वेळ, रात्री पायाशी झोपायची जागा यातलं काहीही बदलता कामा नये. मी तर ठमीला त्या दिवसांत दहा मिनिटं जास्तच खेळवते.

आता वासाचं. मांजरीला ओळख पटते ती नाकाने. गाल, हनुवटी, कपाळ, पंजे इथल्या ग्रंथींतून वास येतो. मांजरी दाराच्या चौकटीला गाल घासतात तेव्हा तो तिथे लावत असतात. एकत्र राहणाऱ्या मांजरी अंगाला अंग घासून सगळ्यांचा मिळून एक वास तयार करतात. आपल्याला तो वास आधीच तयार करून द्यायचा आहे.

डॉक्टरांनी आजार नाही असं सांगितलं की मी एक स्वच्छ सुती मोजा हातात घालते आणि नवीच्या गालांवरून, कानांपुढच्या विरळ केसांवरून हळू फिरवते. मग तो मोजा हॉलमध्ये ठमीच्या वाटेवर ठेवते. तिच्या अंथरुणात नाही, ताटलीजवळही नाही, कारण या जागा फक्त तिच्याच राहिल्या पाहिजेत. बंड्या नावाचा थोराड नारिंगी बोका आला होता तेव्हाचं सांगते. पहिल्या दिवशी ठमी मोज्यापासून हातभर लांब थांबली, मान लांब केली, मिशा पुढे आल्या, एकदा हुंगलं आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून तशीच राहिली. मांजरी टाळूतल्या इंद्रियाने वास असा चाखतात. मग फिस्कारून निघून गेली. दुसऱ्या दिवशी मोज्याला वळसा घालून गेली. चौथ्या दिवशी त्याच्या शेजारी बसून पाय चाटत होती. पाय चाटत बसलेली मांजर मला हवी असते. ती दिसेपर्यंत मी पुढची पायरी घेत नाही, मग चार दिवस लागोत नाहीतर चौदा. ठमीचा वास लावलेला दुसरा मोजा त्याच वेळी पलीकडच्या खोलीत असतो.

मोज्याचं जमलं की जागांची अदलाबदल. ठमी त्या खोलीत, नवी मांजर घरभर, दोघी एकमेकींना न दिसता. अर्धा तास पुरे. घाबरट मांजर घरभर फिरायला तयार नसेल तर तिला ओढून बाहेर काढू नका, फक्त दार उघडं ठेवा.

जेवण बंद दाराच्या दोन्ही बाजूंना द्या. सुरुवातीला ताटल्या दारापासून दोन-दोन मीटर लांब. दोघी मान खाली घालून सगळं संपवत असतील तर पुढच्या जेवणाला वीतभर जवळ. एखादी खाता खाता दाराकडे बघून थिजली, किंवा दोन घास घेऊन निघून गेली, तर ताटली पुन्हा मागे. दिवसभर ताटलीत कोरडं खाणं पडलेलं असेल तर ही पायरी चालत नाही, भूक असायला हवी. म्हणून ठरावीक वेळी वाढा. उपाशी मात्र ठेवू नका. मोठ्या मांजरीने पूर्ण दिवस काही खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा, विशेषतः ती लठ्ठ असेल तर, तिच्या यकृताला धोका होतो.

बघण्याची पायरी सर्वांत नाजूक. मी लहान मुलांसाठी लावतात तसली दोन फाटकं एकावर एक लावते आणि त्यांवर चादर टाकते. दोघी खात असताना चादर खालून चार बोटं वर करते. पाय दिसतात, तोंड दिसत नाही. दोन दिवसांनी वीतभर. मग अर्धी. या काळात त्यांच्या डोळ्यांकडे बघा. फिस्कारणं चालतं, तो ‘जवळ येऊ नकोस’ असा निरोप आहे, आणि समोरची मागे सरली तर निरोप पोचला. त्यावर ओरडू नका. मला काळजी वाटते ती न लवणाऱ्या पापण्यांची. एकटक नजर, अंग ताठ, कान बाजूला चपटे, शेपटीचं टोक फटफट हलतंय आणि तोंडातून आवाज नाही, ही झडप घालायची तयारी असते. अशा वेळी दोघींच्या मध्ये पुठ्ठा सरकवून नजर तोडा आणि चादर खाली करा. एकीने नजर वळवली, डोळे हळू मिटून उघडले, आळोखेपिळोखे दिले, तर तिथेच थांबून दोघींना खाऊ द्या.

मोकळी भेट पहिल्यांदा पाच मिनिटांची. दोघींची नखं आधी कापलेली, दोघी खेळून थोड्या दमलेल्या, घरात दोन माणसं, प्रत्येकाच्या हातात पीस बांधलेली एकेक काठी. कुणालाही मांडीवर धरून समोर नेऊ नका, पळता न येणारी मांजर सर्वांत जास्त घाबरते. खोलीत दोघींना निघून जायला वेगवेगळी वाट हवी. आणि सगळं छान चाललेलं असतानाच भेट संपवा. ‘अजून थोडा वेळ’ इथेच चूक होते, माझीही दोनदा झाली आहे. पाचाची दहा, दहाची वीस मिनिटं अशी वाढवत न्या. आपण घरात नसताना आणि रात्री दार बंद, निदान पहिला महिना.

जुंपलीच तर हात मध्ये घालायचा नाही. उशी, जाड चादर, पुठ्ठा, जे हाताशी असेल ते मध्ये टाका, एकीला खोलीत जाऊ द्या, दार लावा. पुढचे काही तास कुणालाही कुरवाळायला जाऊ नका. मांजरीचा चावा बारीक दिसतो पण खोल असतो आणि लवकर चिघळतो. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, रेबीज आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं ते ठरवतील. मांजरींचं म्हणाल तर दोन पायऱ्या मागे या, म्हणजे पुन्हा चादर, पुन्हा मोजा. बंड्याच्या वेळी आम्ही तीनदा मागे आलो. तरी साडेपाच आठवड्यांनी दोघं एका खिडकीत बसले, मधे एका मांजरीएवढं अंतर ठेवून.

मारामारी झाली तर निदान ती दिसते. मला मुकी अडवणूक जास्त जाचते, कारण घरच्यांना वाटतं सगळं शांत आहे. एक मांजर लिटर बॉक्सकडे जाणाऱ्या बोळात नुसती बसून राहते. दुसरी तिला बघते आणि वळते. चार दिवसांनी गादीवर लघवी सापडते आणि बोल लावला जातो तिलाच. म्हणून दोन मांजरींना लिटर बॉक्स तीन, तेही एका रांगेत नाही, वेगवेगळ्या जागी. पाण्याची भांडी, उंच जागा यांचंही तेच. घरची मांजर सतत पलंगाखाली असेल, अंग चाटून चाटून केस घालवत असेल, लिटरबाहेर लघवी करत असेल, तर भेटी थांबवा. बोका लिटर बॉक्समध्ये पुन्हापुन्हा बसतोय, जोर लावतोय, पण लघवी होत नाही किंवा थेंबथेंब होते, तर सकाळची वाट बघू नका. मूत्रमार्ग बंद झाला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो. ताणामुळे बोक्यांना हा त्रास होऊ शकतो.

पिल्लू असेल तर बहुधा सोपं जातं, पण वय झालेल्या मांजरीला पिल्लाचा धसमुसळेपणा सोसवत नाही. चिमणी नावाची पाहुणी दहा आठवड्यांची होती, ठमीच्या शेपटीवर दिवसातून वीसदा उडी मारायची. ठमीला पंजा उगारावा लागण्याआधी आम्हीच चिमणीला दमेपर्यंत खेळवायचो, आणि फ्रिजवरची जागा ठमीसाठी राखून ठेवली होती, जिथे पिल्लाला चढता येत नव्हतं.

मैत्री व्हायलाच हवी असा हट्ट धरू नका. नऊ जणींपैकी ठमीने फक्त दोघींना चाटलं. बाकीच्यांबरोबर ती एका घरात राहिली, जेवली, झोपली, आणि फॉस्टर मांजरीसाठी तेवढं पुष्कळ आहे. नव्या घरी पाठवताना मात्र हे सगळं लिहून द्या: कुठल्या पायरीला किती दिवस लागले, कशाला घाबरली, कशाने निवळली. तिथेही एखादी घरची मांजर असेल तर त्यांचं निम्मं काम होतं.

पाहुणी गेल्यावर ती खोली मी लगेच धुवून काढत नाही. अर्थात कुणी आजारी नसेल तरच. दार उघडं ठेवते आणि पांघरूण तसंच राहू देते. बंड्या गेला त्या संध्याकाळी ठमी आत गेली, खोका हुंगला, पांघरुणावर दोनदा गोल फिरली आणि तिथेच झोपली. तिसऱ्या दिवशी ती आपणहून बाहेर सोफ्यावर झोपायला आली, तेव्हा मी पांघरूण धुवायला टाकलं. त्यानंतर दीड महिना कुणालाच आणलं नाही.