तोरणमाळला निघताय? आधी घरी सांगा

कपडे, गोळ्या, खाऊ हे सगळं नंतर. आधी घरी सांगा. तिथं सातपुड्यात, वर डोंगरावर, दोन रात्री फोन लागणार नाही आणि फोन लागला नाही म्हणजे गाडी दरीत गेली असं नसतं, हे घरातल्या प्रत्येक माणसाला तोंडानं सांगा.

मागच्या डिसेंबरात आम्ही भिशीच्या नऊ जणी धुळ्याहून निघालो. दोन दिवस झाडं बघायची, पाण्याकाठी बसायचं, बोलायचं कमी, स्वयंपाक अजिबात नाही, असा बेत होता. यादी मीच केली होती, चांगली दोन पानांची. त्यात बाम होता, नाडी होती, सुईदोरासुद्धा होता. घरी सांगणं तेवढं नव्हतं. प्रत्येक जण "पोचल्यावर फोन करते" म्हणून उंबरा ओलांडून आली. राणीपूर मागे पडलं, घाट लागला आणि रेंज गेली. संध्याकाळी नऊ बायका हात वर करून तलावाकाठी फिरताहेत, जणू पाऊस मागताहेत! एकीला एका मोरीच्या कठड्यावर उभं राहिल्यावर रेंजची एक काडी सापडली. घरी मुलानं उचलला, त्याला "हॅलो... घाटात..." एवढं ऐकू गेलं आणि फोन कट. तो लागलाच नसता तर बरं झालं असतं. त्या अर्ध्या हॅलोवर धुळ्यात रात्रभर फोनाफोनी झाली. पुढचं खाली येईलच.

तर आता क्रमानं सांगते.

तारीख. भर पावसाळ्यात घाट नको. दरड येते, धुक्यात पुढची गाडी दिसत नाही. पाऊस ओसरल्यापासून जानेवारीपर्यंत जावं. महाशिवरात्रीला वर गोरखनाथाची यात्रा भरते. दर्शनाला जायचं तर तेव्हा जरूर जा, पण शांतता हवी असेल तर तो आठवडा सोडा. दत्तजयंतीच्या सुमाराला वाटेत सारंगखेड्याला घोडेबाजार असतो. घोडे बघण्यासारखे असतात, म्हणूनच आख्खा खानदेश तिथं लोटतो आणि तापीच्या पुलावर गाड्यांची रांग लागते. शनिवार-रविवार मुक्काम टाळा. आम्ही रविवारी निघून मंगळवारी परत असं ठेवलं होतं, ते बरोबर होतं. कापूस वेचणी चालू असलेल्या घरातल्या बाईला मात्र "चल गं, दोनच दिवस" असा आग्रह करू नका. ती येईल, पण तिचं लक्ष मजुरांकडे राहील.

माणसं दहाच्या आत. एकाच गाडीत मावतील एवढीच. जिला दर दहा मिनिटांनी फोन बघितल्याशिवाय चैन पडत नाही तिला प्रेमानं घरी ठेवा.

गाडी क्रूझर घ्या नाहीतर ट्रॅव्हलर, पण चालक घाट माहीत असलेला हवा. वर चढताना सात पायऱ्यांचा घाट लागतो, वळणामागे वळण, आणि धुळे-नाशिक हायवे मारणारा पोरगा तिथं घामाघूम होतो. मार्ग साधा आहे: सोनगीर, दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा, मग म्हसावद, राणीपूर. डिझेल शहाद्यात भरा, रोख पैसे शहाद्यात काढा. सुट्टे घ्या. वर एटीएम आणि ऑनलाइन पैसे यांच्या भरवशावर राहू नका. रेंजच नाही तर स्कॅन कशानं करणार? ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा आणि सकाळी फोडणीचे पोहे भरपेट खाऊ देऊ नका. कारण सांगायला नको.

आणि शहाद्यात गाडी थांबलीच आहे तर तिथून शेवटचा फोन. प्रत्येकीनं, समोर उभं राहून, मोठ्यानं. "पोचल्यावर करते" हे दोन शब्द तोंडातून आले तर दंड लावा. म्हणायचं असं: "आता मंगळवारी संध्याकाळी शहाद्यात उतरल्यावरच फोन करीन."

कपडे. आपण धुळे-जळगावची माणसं ४४-४५ अंशांत वाढलेली. ऊन आपल्याला कोणी शिकवू नये, थंडी मात्र आपल्याला कळत नाही. तोरणमाळ साधारण ११५० मीटर उंचीवर आहे. सातपुड्यात काही हिवाळ्यांत दव गोठल्याच्या बातम्या येतात, त्या आपण घरी चहा पिता पिता वाचतो आणि विसरतो. एक शाल म्हणजे गरम कपडे नव्हेत. स्वेटर, कानटोपी, पायमोजे, आणि माणशी एक गोधडी घरची. बूट घाला. सँडल घालून सीताखाईच्या कडेला उभ्या राहिलेल्या बाईला धरून ठेवण्यात माझा अर्धा तास गेला.

खाणं. पहिल्या दिवसाचं घरून न्या: दशम्या, कळण्याच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. वर जेवण सांगायचं तर पोचल्याबरोबर सांगा, भूक लागल्यावर नाही. मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ मिळाली तर पनीरची चौकशी करू नका. एका रात्री भरीत हवंच, ते आपल्या हाडात आहे. वांगी हिरवी, मोठी, जळगावकडची बघून न्या. आता भाजायला जाळ लागतो, आणि इथं लोक चुकतात. जंगलातली एक काडी तोडायची नाही. आम्ही पऱ्हाट्यांची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची, एक मोळी गाडीच्या टपावर बांधून नेली होती. चालक हसला, रात्री तोच पहिला ताट घेऊन बसला. जाळ करण्याआधी जिथं उतरलात तिथं विचारा, कुठं करायचा ते तेच दाखवतील.

घरी सांगितलं का? मी विसरले नाही. तुम्हीही विसरू नका.

नुसतं सांगून भागत नाही, हेही यंदा कळलं. सासूबाई "हो हो" म्हणतात आणि दुपारी विचारतात, अजून फोन कसा नाही? म्हणून चिठ्ठी लिहा आणि फ्रिजवर लावा. व्हॉट्सॲपवर नको, ते वर सरकत जातं आणि ज्याला काळजी वाटते तो नेमका तेच वाचत नाही. चिठ्ठीत गाडीचा नंबर, चालकाचा नंबर, मुक्कामाच्या जागेचा नंबर, सोबतच्या दोघींच्या घरचे नंबर. खाली ठळक अक्षरांत: "मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत फोन आला नाही तर काळजी नको. सहानंतर मात्र आधी बरोबरच्यांच्या घरी विचारा, मग ११२ लावा." वेळ लिहिलीच पाहिजे. माणसाला काळजी करू नको म्हटलं तर ते जमत नाही. अमुक वाजेपर्यंत करू नको म्हटलं तर जमतं. घरी कोणी आजारी असेल तर शेजारी किंवा नणंद कोणीतरी ठरवून ठेवा आणि तिचं नावही चिठ्ठीत टाका. नाहीतर आजारी माणूस घरी सोडून आलेली बाई वर येऊनही येत नाही.

आता ज्याच्यासाठी जायचं ते. वेळापत्रक करू नका. सीताखाई, खडकी पॉइंट, कमळ तलाव, मच्छिंद्रनाथाची गुफा, सगळं एका दिवसात उरकणारे लोक मी पाहिलेत. ते उतरतात, फोटो काढतात, चढतात. दिवसाला एक जागा पुरे. सीताखाईचा धबधबा पावसाळ्याचा, डिसेंबरात तिथं दरीची खोली बघायची, पाणी नाही. हे आधी सांगून ठेवा, म्हणजे "एवढ्यासाठी आणलं?" ऐकावं लागत नाही. स्पीकर गाडीतच राहू द्या. गाणी हवीत तर रात्री शेकोटीपाशी स्वतःच्या गळ्यानं म्हणा, अहिराणी म्हणा, बेसूर म्हणा.

आणि सकाळी उठल्यापासून पहिल्या चहापर्यंत मौन. हा एक नियम कडक पाळा. यशवंत तलावाकाठी अंतर ठेवून बसायचं, दोघी-दोघी नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं डोक्यात दूधवाल्याचा हिशेब चालतो, चालू द्या. आमचं असं झालं, की पाण्यावरून धुकं हलत होतं आणि पलीकडच्या काठाला एक बाई धुणं आपटत होती. तिचा हात खाली आलेला दिसायचा आणि आवाज जरा मागून यायचा. दिसायचं, मग ऐकू यायचं. मी तेच बघत बसले. किती वर्षांनी मी काहीच करत नव्हते आणि काही करायचं राहिलंय असंही वाटत नव्हतं. शेजारची बाई रडत होती. मी विचारलं नाही, तिनं नंतर सांगितलंही नाही.

वीस मिनिटं झाली असतील. मग हॉर्न वाजला.

धुळ्याहून जीप आली होती. दोन नवरे, एक दीर आणि तो अर्ध्या हॅलोवाला मुलगा, रात्री दोनला निघालेले. घाटाच्या भीतीनं अंधारात घाट चढून आले! आम्ही धडधाकट बघून आधी त्यांचे डोळे भरले, मग आवाज चढला. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मौन गेलं ते गेलंच. नाश्त्याचे पोहे चौघांत जास्तीचे वाटले, आणि दोन बायका "आता आलेच आहेत तर" म्हणून त्यांच्याबरोबर परत गेल्या. उरलेल्या सात जणींचा दिवस "आपल्याही घरी असंच झालं असेल का" यातच गेला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तलावाकाठी बसलो, पण प्रत्येकीचा कान रस्त्याकडे. घरी न सांगण्याची किंमत ही आहे. एका चिठ्ठीत वाचली असती.

गावातली माणसं. पावरा आणि भिल्ल बायकांचे, मुलांचे फोटो न विचारता काढू नका. मुलांना चॉकलेटं वाटत फिरू नका. काही द्यायचंच असेल तर आमचूर विकत घ्या, सीझनला सीताफळं घ्या, आणि दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. आपण भिशीत किती लावतो ते आठवा.

बाकीचं पटकन. रोजच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या, कारण वर औषधाचं दुकान सापडेल असं धरून चालू नये. गाडी लागण्याची गोळी, बँडेज, विजेरी माणशी एक. पाण्याची बाटली घरची. कचऱ्याला मोठी पिशवी, ती भरून धुळ्याला परत आणायची. पॉवर बँक हवी तर घ्या, कशाला ते मला कळलं नाही.

परतीचं फार सांगत नाही. जेवून निघा, उजेडात घाट उतरा, चालकाला आदल्या रात्री झोपू द्या. खाली आलं की सगळे फोन एकदम वाजायला लागतात. शहादा येईपर्यंत उचलू नका म्हणणार होते, पण ते कोणी ऐकणार नाही. फोन करा. सहाच्या आत करा.

यंदा आम्ही पुन्हा जातोय, नऊच्या नऊ. चिठ्ठीचा फोटो मला शुक्रवारपर्यंत हवाय, फ्रिजवर लावलेल्या अवस्थेत. रविवारी पहाटे गाडीच्या दाराशी मी उभी असेन आणि प्रत्येकीला एकच विचारीन, "घर सांगीसन ऊनी का वं?" मान हलवलेली चालणार नाही. तिथूनच तिच्या घरी फोन लावून खात्री करीन, मगच पाय आत.