इस्रायलमध्ये नवीन आलात? आधी शुक्रवार समजून घ्या

हल्ली इथे येणारी मराठी माणसं बहुतेक तीन तऱ्हेची: बांधकामावर आलेले, म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला आलेले आणि विद्यापीठात शिकायला आलेले. तिघांचाही पहिला प्रश्न ठरलेला, "इथली माणसं धर्माला फार कडक असतात का हो?" काही असतात, बरीच नसतात. पण तुमचा देव कोणता यात कोणाला फारसा रस नाही. ज्यू धर्मात दुसऱ्याला बाटवायची पद्धतच नाही. तुमची रोजची गाठ पडणार ती त्यांच्या घड्याळाशी आणि स्वयंपाकघराशी. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, घराणं मूळ अलिबागकडचं, आता रामल्याची. दोन्हीकडचं पाहिलंय, म्हणून सांगते.

इथे कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो आणि दिवस बदलतो तो सूर्य मावळल्यावर. त्यामुळे शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी संध्याकाळी लागतो आणि शनिवारी आकाशात तीन तारे दिसले की सुटतो. मेणबत्त्या बहुतेक गावांत सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावतात, यरुशलेममध्ये ४० मिनिटं आधी. डिसेंबरात म्हणजे सवाचारच्या सुमारासच सगळं आटोपतं. म्हणून भाजी, औषधं, पैसे पाठवणं, दुसऱ्या गावी जाणं, जे काही असेल ते शुक्रवारी सकाळीच उरका. त्यानंतर रेल्वे बंद आणि बसही जवळपास सगळीकडे बंद. काही मार्गांवर शेरूत म्हणजे शेअर टॅक्सी मिळते, हैफात थोड्या बस धावतात, तेल अवीवच्या पालिकेनेही २०१९ पासून काही सुरू केल्या आहेत. अगदीच अडलं तर अरब वस्तीतली दुकानं उघडी असतात.

धार्मिक घरात आजी-आजोबांना सांभाळायला आला असाल तर शुक्रवारची दुपार नीट बघून ठेवा. फ्रिजमधला दिवा काढून ठेवतात, कारण शनिवारी दार उघडल्यावर तो लागला तर तेही 'काम' धरतात. संडासातला कागदसुद्धा आधीच फाडून रचून ठेवतात. जेवण गरम राहावं म्हणून प्लाता नावाची विजेची पाटी आधीच चालू करून त्यावर पातेली चढवतात. एकदा मेणबत्त्या लागल्या की चालू दिवा बंद करायचा नाही आणि बंद दिवा लावायचा नाही, आणि तुम्हालाही थेट तसं सांगायचं नाही. आजी अंधारात बसली असली तरी "दिवा लाव" म्हणणार नाही. फार तर म्हणेल, "आज इथे काळोख फार आहे, नाही?" त्याचा अर्थ आपला आपण लावायचा! मात्र जिवावर बेतलं तर हे सगळे नियम बाजूला राहतात. छातीत दुखतंय म्हटलं की शनिवार आहे का हे बघत बसू नका, सरळ १०१ लावा. त्यांचा धर्मही तेच सांगतो.

आता स्वयंपाकघर. मटण आणि दूध एकत्र नाही, म्हणजे एका पातेल्यात नाही, एका ताटात नाही आणि एका जेवणातही नाही. मटण खाल्ल्यावर दुधाचा चहा घ्यायला कोणी तीन तास थांबतं, कोणी सहा. भांडी, चमचे, घासणीसुद्धा वेगळी. बऱ्याच घरांत त्यांचे रंग ठरलेले असतात, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. दह्यात मुरवलेली कोंबडी त्यांच्या भांड्यात अजिबात करायची नाही. आमच्या आज्यांनी कोकणात यावर तोड काढलीच होती: नारळाचं दूध. नारळ दुधातही बसतो आणि मटणातही. मासा खवल्यांचा आणि परांचा हवा. रावस, बांगडा, पापलेट चालतं. कोलंबी, कुर्ल्या, तिसऱ्या विसरा. बाहेरून आणलेला डबा न विचारता त्यांच्या फ्रिजमध्ये किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. भांडणं होतात ती बहुतेक यावरूनच.

सणांचा हिशेब आपल्याला अवघड जात नाही, कारण महिने चंद्राचे आणि मधूनमधून एक जादा महिना, आपल्या अधिक मासासारखा. १९ वर्षांत सात वेळा तो येतो. पेसाख आणि सुकोत दोन्ही पौर्णिमेच्या आसपास. पूरीम बहुतेक वर्षी होळीच्याच दिवसांत पडतो, म्हणून आमच्या जुन्या माणसांनी त्याला 'होळीचा सण'च म्हटलं. मुलं सोंगं काढून रस्त्यावर फिरतात, दोस्तांकडे खाऊची ताटं जातात.

रोश हशाना म्हणजे 'नव्याचा सण'. २०२६ मध्ये तो ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी लागतो, आणि योम किपूर २० तारखेच्या संध्याकाळी. योम किपूरला आमच्यात 'दारफळणीचा सण' म्हणतात. दारं लावून, पांढरे कपडे घालून, सुमारे २५ तास पाण्याचा थेंबही न घेता प्रार्थना करायची. तुम्ही उपास करावा अशी कोणाची अपेक्षा नसते. पण त्या दिवशी विमानतळ बंद, दुकानं बंद, ज्यू वस्तीतल्या रस्त्यावर एक गाडी नाही. पोरं मोठ्या हमरस्त्यावर सायकली चालवतात. गाडी काढू नका, उघड्यावर खाऊ-पिऊ नका, मोठ्याने गाणी लावू नका. सुकोतला गच्चीत, गॅलरीत पानांच्या छपराचे मांडव घालतात. कोणी बोलावलं तर जरूर जा. तिथे जे सोनेरी महाळुंग जपून कापसात ठेवलेलं दिसेल, ते पूजेचं आहे. हात लावण्याआधी विचारा.

खरा घोळ होतो पेसाखला. सात दिवस गहू, जव यांचं फुगलेलं काहीही घरात नको. पाव, बिस्किटं, बिअर सगळं गेलं. सुपरमार्केटात त्या मालाची कपाटं प्लास्टिकने झाकलेली असतात. पोळीही त्यातच मोडते. आपली पोळी फुगवलेली नसते हा वाद घालू नका, मी घालून बघितलेल्यांचं काय झालं ते ऐकलंय. पिशवीतला बिस्किटाचा पुडाही बाहेर ठेवा. युरोपकडून आलेले अश्केनाझी त्या दिवसांत भात आणि डाळीही खात नाहीत. आम्ही बेने इस्रायल भात खातो, नाहीतर कोकणातल्या माणसांचं कसं व्हायचं!

मे महिन्याच्या आसपासचा एक भोंगा लक्षात ठेवा. युद्धांत आणि हल्ल्यांत गेलेल्यांच्या स्मृतिदिनाला एकसुरी भोंगा वाजतो, तेव्हा सगळे होते तिथे उभे राहतात, गाडीतले उतरतात. तुम्हीही उभे राहा. खालीवर होणारा भोंगा वेगळा, तो हल्ल्याचा. तेव्हा उभं राहायचं नाही, आसरा गाठायचा.

देवघराबद्दल बरेच जण दबक्या आवाजात विचारतात. तुमच्या भाड्याच्या खोलीत गणपती बसवा, कोणी काही म्हणत नाही. पण नोकरी धार्मिक घरात असेल आणि खोली त्यांचीच असेल, तर मूर्ती मांडण्याआधी बोलून घ्या. यांच्याकडे देवाची प्रतिमा करायचीच नाही हा मुळातला नियम आहे. प्रसादही त्यांना देऊ नका. मूर्तीपुढे ठेवलेलं खाणं त्यांना चालत नाही आणि तोंडावर नाही म्हणायला ते ओशाळतात. द्यायचंच तर कोशेरचा, म्हणजे त्यांच्या धर्माच्या नियमात बसणाऱ्या खाण्याचा, शिक्का असलेलं बंद पाकीट द्या.

आणि एक विनंती. अश्दोद, लोद, दिमोना, रामला इथे मराठी बोलणारे आमचे वयस्कर लोक भेटतील. त्यांना गमतीनेही "तुम्ही खरे ज्यू का?" विचारू नका. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हणवले गेलेले हे लोक. इथे आल्यावर धर्मपीठाने त्यांच्या लग्नांवर शंका काढल्या, आणि १९६४ मध्ये सरकारने बाजू घेईपर्यंत त्यांना रस्त्यावर उतरावं लागलं. त्यांच्याशी कोकणाबद्दल बोला, मग बघा.

ओळख झाली की मलिद्याचं आमंत्रण येईलच. नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात एलियाहू हनबी म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाने तो करतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, भोवती फळं. प्रार्थना संपेपर्यंत ताटाला हात लावायचा नाही. पुरुषांनी डोक्यावर टोपी घालायची, नसली तर तिथेच मिळते. जाताना दुधाची मिठाई नेऊ नका, जेवणात बहुधा मटण असतं. नारळ न्या. रामल्याच्या बाजारात मिळतो, पातळ पोहेही मिळतात, फक्त शुक्रवारी दुपारी जाऊ नका.